मध्यंतरानंतरचा ‘सैराट’

ऑपरेटरला पिक्चर तुकड्यातुकड्यांनी दिसतो, पब्लिक मात्र अखंड दिसतं. प्रोजेक्शनच्या केबिनला दोन प्रकारच्या खिडक्या असतात. एकीतून मशीनचा झोत पडद्याकडे जातो, दुसरी ऑपरेटरला फोकस आणि फ्रेम बघण्यासाठी असते. या दुसऱ्या खिडकीशी उभं राहिलं की पडद्याच्या आधी माणसांची डोकी दिसतात. माझी सगळी नोकरी त्या खिडकीशी गेली. भीमेच्या खोऱ्यातलं, सोलापूर जिल्ह्याच्या कडेचं तालुक्याचं गाव. एकच पडदा, खाली स्टॉल, वर बाल्कनी. कुठल्या सीनला खुर्च्या करकरतात, कुठल्या सीनला माणसं विडी ओढायला बाहेर निघतात आणि कुठल्या सीनला कडेवरचं रडतं लेकरूसुद्धा गप्प होतं, यावरून मी पिक्चर ओळखायला शिकलो. परीक्षणं फार उशिरा वाचायला लागलो.

‘सैराट’वर पुष्कळ लिहून आलं आहे. त्याची गाणी, त्याची कमाई, त्यातली जात, त्याचा शेवट. मला लिहायचंय ते मध्यंतरानंतरच्या भागाबद्दल, पळून गेलेले प्रेमिक हैदराबादेत ज्या खोलीत राहतात त्या खोलीबद्दल. हा भाग लांबला, ढिला पडला, असं तेव्हाही पुष्कळ जण म्हणाले आणि आजही म्हणतात. माझं म्हणणं असं आहे की पिक्चर तिथेच आहे. पहिल्या प्रेमाची ओढ माणसाला कुठवर नेते आणि किती काळ धरून ठेवते, हे त्या भागाइतकं नीट मी दुसऱ्या कुठल्याही पिक्चरमध्ये पाहिलेलं नाही. आणि हे मला पडद्याने जेवढं शिकवलं, तेवढंच खालच्या डोक्यांनी शिकवलं.

आधी कात्रीचं सांगितलं पाहिजे. रिळांच्या काळात पस्तीस एमएमची फिल्म मशीनमधून सेकंदाला २४ चौकटी आणि मिनिटाला ९० फूट या वेगाने जायची. म्हणजे दहा मिनिटांचा पिक्चर नऊशे फूट. पेटी एसटीच्या टपावरून यायची. दोन मशीन असायची. एकीवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा आणि तेवढ्या क्षणात दुसरी मशीन सुरू करून पहिली बंद करायची. कार्बनच्या कांड्या सारख्या पुढे सरकवत ठेवायच्या, नाही तर पडदा पिवळा पडायचा. पिक्चर लांबलचक असला की खालून निरोप यायचा, रात्रीच्या शोची माणसं शेवटच्या एसटीला पोचली पाहिजेत. मग लहान गावांमधून फिल्म कापायची रीत होती. पेटी परत पाठवताना तुकडे पुन्हा जोडायचे.

काय कापायचं, हे कुणी सांगावं लागत नसे. मारामारी कापली तर खुर्च्या मोडतील, चाललेलं गाणं कापलं तर केबिनवर दगड येतील. कापलं जायचं ते नेहमी एकच: स्वयंपाकघर, आजारपण, नवराबायकोचं बोलणं, पत्र वाचणं, भाड्याची खोली शोधणं. ते गेलं तरी खालून कुणी ओरडत नसे. आमचे वस्ताद मात्र कात्रीला हात लावायला तयार नसत. ‘माणसं राहतात कशी हेच काढून टाकलं तर ती मरतात तेव्हा रडायचं कुणासाठी?’ असं त्यांनी एकदा मालकाला तोंडावर विचारलं होतं. त्या वाक्याचं वजन मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

कोवळ्या प्रेमाचे पिक्चर आमच्याकडे सगळेच चालले. ‘बॉबी’ पुन्हा पुन्हा मॅटिनीला यायचा. ‘एक दुजे के लिए’ आला, १९८८ चा ‘कयामत से कयामत तक’ आला, पुढे ‘मैंने प्यार किया’. मराठीत २०१४ च्या जानेवारीत ‘टाइमपास’ने पोरांना वेड लावलं. यांतल्या ज्या पिक्चरमध्ये प्रेमिक मरतात, तिथे ते माळावर, कड्यावर, उघड्या आभाळाखाली मरतात. अजून एकत्र राहायला लागलेले नसतात, लागले तरी चार दिवस. प्रेम तसंच ताजं ठेवून पिक्चर संपतो. पब्लिक रडतं, पण ते रडणं बाहेर पडेपर्यंत ओसरतं. सायकल स्टँडवर गाणं गुणगुणणं सुरू झालेलं असतं.

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ च्या शुक्रवारी लागला. तोवर आमच्या केबिनमधून रिळं गेली होती. पिक्चर सॅटेलाइटवरून थेट सर्व्हरमध्ये उतरायचा आणि लायसन्स असेल तेवढेच शो लागायचे. कापायची सोयच उरली नव्हती. आणि हा पिक्चर १७४ मिनिटांचा. बारा, तीन, सहा, नऊ हे आमच्याकडचं पिढ्यान्‌पिढ्यांचं टायमिंग. त्यात मध्यंतर धरलं तर एक शो सुटायच्या आत दुसरा सुरू व्हायला हवा. वेळापत्रक मोडावं लागलं. पहिला शो सकाळी ओढला, रात्रीचा पुढे ढकलला. दोन-तीन आठवडे तर एवढी गर्दी होती की मध्यरात्रीनंतरही शो लावावे लागले आणि हे आमच्याकडेच नाही, जिल्ह्याजिल्ह्यांत झालं. मॅनेजर म्हणाले, ‘हैदराबादचं थोडं काढता आलं असतं तर बरं झालं असतं.’ निघत नव्हतं, ते माझ्या मते फार चांगलं झालं. रिळांचा काळ असता तर आमच्यासारख्या कित्येक गावांनी अर्धा ‘सैराट’ पाहिलाच नसता.

लगीनसराई, शाळांना सुट्ट्या, वर ऊन मी म्हणत होतं. तरी दुपारच्या शोला वाड्यावस्त्यांवरून टेम्पो भरून बाया यायच्या. दिग्दर्शक नागराज मंजुळे जेऊरचे, करमाळा तालुक्यातले. शूटिंगही करमाळ्याच्या भागातलं. नायिका अर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी पोरगी. त्यामुळे आमच्या पब्लिकला पडद्यावर उसाचे फड, विहीर, वाडा, बोलणं, सगळं घरचं दिसत होतं. ‘आपल्यातलंच हाय की हे’ असं एकमेकांना सांगत माणसं आत शिरायची. त्याआधी मंजुळेंचा ‘फँड्री’ आमच्याकडे लागला होता, तेव्हा एवढी माणसं आली नव्हती. या वेळी अजय-अतुलच्या गाण्यांनी पिक्चरच्या आधी गावात पाऊल ठेवलं होतं.

पहिला अर्धा भाग म्हणजे जत्रा होती. अर्ची ट्रॅक्टरवर आली की शिट्ट्या, बुलेटवर आली की शिट्ट्या. ‘झिंगाट’ला पोरं खुर्च्या सोडून पडद्यापुढे धावायची, नाचायची, चिल्लर उधळायची. मी केबिनमधून बघायचो. त्या नाचणाऱ्यांत पाटलांच्या गल्लीतली पोरं असत, वडारवस्तीतली असत, नदीकाठच्या मासेमाऱ्यांची असत, सगळी एका घामात न्हालेली. बाहेर याच पोरांचे चहाचे कट्टे वेगळे होते, गाड्या लावायच्या जागासुद्धा वेगळ्या होत्या, हे मला ठाऊक होतं. तेवढ्या मिनिटांपुरतं तरी गाव एक होत होतं, आणि ज्या पिक्चरसाठी होत होतं तो पाटलाच्या लेकीचा आणि मासे धरणाऱ्याच्या पोराचा होता. मला त्या दृश्याचं फार मोल वाटत आलं आहे. गाणं संपलं की पोरं आपापल्या खुर्च्यांकडे जायची, आपापल्या घोळक्यांत.

मग मध्यंतर. आणि मध्यंतरानंतर थिएटर बदलायचं.

अर्ची आणि तो मासे धरणाऱ्याचा पोरगा, पर्शा, पळून हैदराबादेत पोचतात. भाषा येत नाही, पैसे संपत आलेले, रात्री डोकं टेकायला जागा नाही. सुमनअक्का भेटते, डोशाची गाडी चालवणारी, मराठी बोलणारी. ती त्यांना वस्तीत एक खोली देते. वाड्यात वाढलेल्या पोरीला त्या खोलीत श्वास घेणं अवघड होतं. ती रडते, तिला घर आठवतं. पर्शा गाडीवर कामाला लागतो, ती कारखान्यात जायला लागते, हळूहळू तिथलं बोलणं शिकते. गाणं नाही, मारामारी नाही. नव्वद फुटांमागून नव्वद फूट निव्वळ संसार. पुढच्या रांगांतली पोरं चुळबुळायला लागायची. काही बाहेर चहाला निघायची. डोअरकीपर सांगायचा, ‘पब्लिक गळतंय वो.’

पण गळत होती ती पुढच्या रांगांतली पोरं. मागच्या स्टॉलमध्ये आणि बाल्कनीत बसलेल्या बाया इथपासून पुढे सरकून बसायच्या. पहिल्या भागात पदर तोंडाला लावून हसणाऱ्या बाया आता बोलायला लागायच्या, पडद्याशी, मोठ्यानं. ‘पाटलाची लेक हाय, कसं व्हायचं गं हिचं?’ ‘शिकंल, शिकंल. आपुण न्हाई शिकलो व्हय?’ त्यांतल्या बहुतेकींनी प्रेम करून लग्न केलेलं नव्हतं. पण अनोळखी घरात पहिल्या रात्री छताकडे बघत पडून राहणं त्या प्रत्येकीने केलेलं होतं. म्हणून अर्चीचं विहिरीवरचं प्रेम त्यांना गंमतीचं वाटलं आणि खोलीतलं रडणं आपलं वाटलं.

भाजी विकणारी एक मावशी पुन्हा पुन्हा यायची. डोअरकीपरशी तिची ओळख होती. मी एकदा विचारलं, ‘मावशी, गाणी आवडली वाटतं?’ म्हणाली, ‘गानी पोरांची. मला त्यांचं भांडान मिटल्यालं बघायचं आस्तंय. मिटलं की जीव भांड्यात पडतोय बघ.’

ते भांडण या पिक्चरचा कणा आहे. पर्शाच्या मनात संशय शिरतो, तो अर्चीवर हात उचलतो. आमच्या थिएटरात या थपडेवर शिट्टी ऐकू आली नाही. बाया मात्र गप्प बसल्या नाहीत. ती घर सोडून निघते, गाडीत बसते, तेव्हा ‘जा बाई, आईकडं जा’ असे आवाज यायचे. मग ती परत येते आणि पर्शा गळफास लावून घ्यायच्या बेतात सापडतो. इथे थिएटरात कधीच एकमत झालं नाही. काही जणी डोळे पुसायच्या, काही जणी चिडायच्या, ‘कशाला माघारी आली?’ एका म्हातारीने तर शिवी हासडली होती. मला दोन्ही पटायचं. हात उचलणाऱ्याला पिक्चर सोडत नाही, त्याला देखणं करत नाही. आणि तरी तिच्या परत येण्याला खोटं ठरवत नाही. वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी ज्याच्याकडे बघून जीव वेडापिसा झाला, तोच माणूस आता दमलेला, संशयी, घाबरलेला समोर आहे. तिने ते सगळं पाहिलं आहे आणि ती आली आहे. ओढ म्हणतात ती ही. पहिल्या भागातल्या नजरानजरेला मी ओढ म्हणणार नाही, ती सुरुवात आहे. विहिरीत उडी मारायला एक क्षण लागतो. नळाला पाणी भरून, डबा करून, कामावरून थकून येऊन रात्री पुन्हा त्याच माणसाशी बोलावंसं वाटणं, याला रोजचं बळ लागतं.

मंजुळेंनी पुढे त्यांना सावरू दिलं. रजिस्टर लग्न, मूल, गाडी, स्वतःच्या घराची स्वप्नं. बाया इथे सुटकेचा श्वास टाकायच्या, तो वरपर्यंत ऐकू यायचा. शेवट एवढा लागतो तो यामुळेच. अर्चीचा भाऊ माहेरची माणसं घेऊन, आईने पाठवलेल्या वस्तू घेऊन येतो. ती चहा करते. पिक्चरमधले प्रेमिक कड्यावर मरायचे. हे दोघं स्वतःच्या भाड्याच्या घरात, पाहुण्यांना चहा दिल्यावर मारले जातात. बाहेर गेलेलं लेकरू परत येतं, आईबापाला बघतं आणि रक्ताने माखलेल्या पायांनी दाराबाहेर चालत निघतं. तेव्हा आवाज पूर्ण बंद असतो. ज्या पिक्चरचं संगीत अमेरिकेत सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर मोठ्या वाद्यवृंदासह रेकॉर्ड झालं होतं, त्याच्या शेवटाला एक सूर नाही.

ऑपरेटरच्या धंद्यात आवाज जाणं म्हणजे बिघाड. पहिल्या शोला आवाज गेला तसा माझा हात साउंड प्रोसेसरकडे गेला; दिवे जागेवर होते, सर्व्हर चालू होता. खालून एक शिट्टी आली, कुणीतरी केबिनकडे तोंड करून ‘ए, आवाज!’ म्हणून ओरडलं. पुढच्याच क्षणी त्याचंही तोंड मिटलं. छताच्या पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली. इतक्या वर्षांत भरल्या थिएटरात मी ती कधी ऐकली नव्हती.

आता दिव्यांचा प्रश्न. रीत अशी, की शेवटचा सीन झाला, की नावं येईपर्यंत थांबायचं नाही. दिवे लावायचे, दारं उघडायची, एका बाजूने माणसं बाहेर, दुसऱ्या बाजूने झाडू आत. त्यात बाहेर पुढच्या शोची रांग रस्त्यावर गेलेली. हॉलचे दिवे माझ्या हातात होते. मी ते लावले नाहीत. नावं अर्धीअधिक सरकेपर्यंत अंधार ठेवला. मॅनेजरांनी पोऱ्याला वर पिटाळलं. मी त्याला सांगितलं, साहेबांना एकदा आत येऊन उभं राहायला सांग. ते आले, दाराशी उभे राहिले, आणि त्या पिक्चरच्या मुक्कामात त्यांनी पुन्हा दिव्यांसाठी माणूस पाठवला नाही. त्या अंधारात माणसांना आपलं तोंड आवरायला वेळ मिळायचा. आमच्याकडे बापाने लेकीसमोर रडायची रीत नाही. अंधारात रडता येतं.

एका रात्री शो सुटल्यावर जिन्यापाशी एक शेतकरी उभे होते. वयस्कर, पांढरा सदरा, हातात टोपी. मला म्हणाले, ‘ऑपरेटर तुमीच का? ते लेकरू पुढं कुठं गेलं वो?’ मी म्हणालो, पिक्चर तिथंच संपतो. ते म्हणाले, ‘संपतो, पर लेकरू गेलं कुठं? कुणी घेतलं का न्हाई त्याला?’ डोअरकीपरने नंतर सांगितलं की त्यांच्या लेकीने परजातीत लग्न केलं होतं आणि घरचा उंबरा तिला बंद होता. पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. पण त्यांचा प्रश्न मी कुठल्या परीक्षणात वाचला नाही. तो विचारायला त्यांना मध्यंतरानंतरचा सगळा पिक्चर बघावा लागला होता. ते लेकरू दोन वस्त्यांच्या, दोन जातींच्या ओढीतून, त्या खोलीतल्या रोजच्या झटापटीतून आलेलं त्यांनी पाहिलं होतं, म्हणून त्याची काळजी वाटली.

‘सैराट’वरून कन्नड, पंजाबी, बंगाली असे बरेच पिक्चर निघाले. हिंदीतला ‘धडक’ २०१८ ला आला, आमच्याकडेही लागला. उदयपूर आणि कोलकाता. मूळ पिक्चरपेक्षा तो अर्ध्या तासाहून लहान आहे. ‘झिंगाट’ तिथेही आहे, शेवटही भीषण आहे, थोडा बदललेला. जातीचा उच्चार मात्र हलका झाला आहे, आणि पळून गेल्यावरची गरिबी देखणी झाली आहे. आमच्या बाया त्याला आल्या, पण पडद्याशी बोलल्या नाहीत. माझ्या हिशेबाने तो निकाल पुरेसा आहे.

मी निवृत्त झालो. २०२५ च्या मार्चमध्ये ‘सैराट’ पुन्हा थिएटरांत लागला, तेव्हा पुण्याला मुलाकडे होतो. तिकीट काढून मल्टिप्लेक्समध्ये बसलो. आयुष्यभर वरून पाहिलेला पिक्चर पहिल्यांदा खुर्चीतून, अखंड पाहिला. शेजारी कॉलेजातली पोरंपोरी होती. त्यांना संवाद तोंडपाठ, गाणी तोंडपाठ. पहिल्या भागात ती मोबाइल उंच धरून नाचली, आणि मला बरं वाटलं. मध्यंतरानंतर पुष्कळांनी खाली मान घालून मोबाइल बघायला घेतला. अर्ची पहिल्यांदा त्या खोलीत रडत होती आणि आजूबाजूला निळे चेहरे दिसत होते. मोबाइलवर ‘सैराट’ गाण्यांच्या आणि संवादांच्या तुकड्यांनी मिळतो. हैदराबाद कुणी तुकडा करून टाकत नाही. आमच्या वस्तादांनी जी कात्री हातात धरली नाही, ती आता प्रत्येकाच्या खिशात आहे. शेवटी लेकरू चालायला लागलं तशी ती पोरंही थिजली. शेजारच्या मुलीने मैत्रिणीचा हात घट्ट धरला. पडदा काळा झाला आणि त्याच क्षणी सगळे दिवे भसकन लागले. मुलीने घाईने डोळे पुसले, पर्स शोधायला लागली.

म्हणून दोन विनंत्या आहेत. घरात वयात येणारं मूल असेल तर ‘सैराट’ त्याच्याबरोबर बसून बघा; मध्यंतरानंतरचा भाग पुढे ढकलू नका आणि तो चालू असताना उठून जाऊ नका. प्रेम कर किंवा करू नको असं सांगण्यापेक्षा त्या खोलीबद्दल त्याच्याशी बोला, त्या थपडेबद्दल बोला, चहा पिऊन उठलेल्या पाहुण्यांबद्दल बोला. आणि माझ्या धंद्यातल्या पोरांना, मग त्यांना आता ऑपरेटर म्हणोत की आणखी काही: हा पिक्चर कधी तुमच्या पडद्यावर आला, तर दिवे दोन मिनिटं उशिरा लावा. पुढचा शो तेवढा थांबतो, आम्ही थांबवून पाहिला आहे.